महाराज, जोडा पायातच हाय

भोरच्या भर बाजारात केळीवाल्यापुढं उभ्या असलेल्या आडदांड पैलवानाला मागनं एक बारकुसा म्हातारा हाक मारतो, "राणीसाहेब, केळी नगं. घसा बसंल." पैलवान हातातली केळी मुकाट्यानं खाली ठेवतो आन् म्हणतो, "बरं मास्तर." आजूबाजूची माणसं आधी म्हाताऱ्याकडं बघतात, मग पैलवानाच्या मिशीकडं बघतात, आन् मग कुणीच कुणाकडं बघत न्हाई.

हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण पैलवानाच्या शेजारी मीच उभा होतो. म्हातारा माझ्याकडं वळला. "आन् महाराज, तुमी पाठ ताठ ठिवा. राज्य करायचंय, भाजी इकायची न्हाई."

तर हे आमचे मास्तर. शाळंचे न्हवेत. शाळंचा आन् माझा संबंध फार दिवस टिकला न्हाई, त्यात चूक शाळंची होती. हे मास्तर भोरात शिलाईचं दुकान चालवायचे आन् आमच्या गावाला नाटक बसवायला यायचे. आमचं गाव वेल्ह्याच्या वाटंवर, मार्गासनीच्या जवळ. पौषात भाताची झोडणी उरकून रिकामी झालेली माणसं नाटकाला लागायची, आन् चैत्रात जत्रंला नाटक उभं राहायचं. मास्तर भोरहून नसरापूरला आन् तिथनं दुसऱ्या एसटीनं यायचे. उतरले की पहिली हाक मला न्हाई, गणपा पैलवानाला, "राणीसाहेब, म्हशी पाजल्या का?"

गणपा आमच्यात राणी व्हायचा. मास्तरांना खरी नावं ध्यानात राहायची न्हाईत, का त्यांना ठेवायची नव्हती, कुणास ठाऊक. ज्याला जे काम दिलं ते त्याचं नाव, आन् तेही बारा महिने. आमच्या प्रधानाच्या घरी बारसं झालं तवा मास्तरांनी पाळण्याजवळ जाऊन विचारलं, "प्रधानजी, वारस कसा हाय?" आन् शिपायाचं काम करणाऱ्या आमच्या चुलतभावाला भर पंगतीत वाढताना म्हणाले, "शिपाई, तुमी उबं ऱ्हावून जेवा, पहारा मोडतो."

अंगात नेहमी गुंड्या तुटलेला सदरा. कुणी हटकलं तर म्हणायचे, "म्या दुसऱ्याच्या लावतो. माझ्या लावायला शिंपी गावत न्हाई." काखेत कायम छत्री, उन्हाळा असो का हिवाळा. पण ती उघडलेली कुणी बघितली न्हाई. एकदा गुंजवण्याच्या पुढं आम्ही दोघं अवकाळी पावसात सापडलो. चिंब झालो. मी म्हणलं, "मास्तर, छत्री हाय की." तर मास्तर छत्री सदऱ्याच्या आत घालत म्हणाले, "व्हय, भिजंल ती." रंगमंच आखायचा तो त्या छत्रीनं. दोन छत्र्या सोडून सिंहासन, छत्रीभर सोडून शिपाई.

आन् तालमीला मास्तर आमच्याकडं पाठ करून बसायचे. मारुतीच्या देवळात आम्ही नाटक करतोय आन् मास्तर तोंड मारुतीकडं करून बसलेत. म्हणायचे, "नाटक कानानं बसतंय. डोळ्याला जत्रंदिवशी काम." न बघता त्यांना सगळं कळायचं. "प्रधानजी, हात खिशात हाय तुमचा. आवाज खिशातनं येतोय." प्रधान दचकून हात बाहेर काढायचा.

ह्या पाठमोऱ्या बसण्यानं पुढं घोळ झाला. ते येईलच.

आमच्या नाटकाला वही नव्हती. मास्तरांच्या गुरूनं ते बसवलं, गुरूच्या तोंडनं मास्तरांच्या तोंडात आलं, मास्तरांच्या तोंडनं आमच्या. एक राजा, एक राणी, एक प्रधान, एक शिपाई आन् एक दरोडेखोर. राणी आन् दरोडेखोर एकदमच कधी येत न्हाईत, म्हणून दोन्ही कामं गणपाच करायचा. मिशी काढायला तो तयार नव्हता. म्हणून आमची राणी नाटकभर पदर तोंडावर धरून बोलायची. बाहेरगावची माणसं म्हणायची, काय पण घरंदाज राणी!

तोंडातोंडी आलेल्या नाटकात काय काय शिरतं त्याचा नेम न्हाई. पहिल्याच दरबारात प्रधान मुजरा करून विचारायचा, "महाराज, मांजर आलं का?" महाराजांनी म्हणायचं, "अजून न्हाई." बस. पुढं नाटकभर मांजराचं नाव न्हाई. मी दोन-तीन सालं हे निमूट केलं. मग एकदा विचारलंच. मास्तर म्हणाले, "माझ्या गुरूच्या टायमाला पेटीवाला बाहेरनं यायचा. कवा गाडी गावायची, कवा न्हाई. त्याचं डोळं घारं, म्हणून मांजर. शिंव्हासनावरनं आतलं दिसतंय, प्रधानाला दिसत न्हाई. आलं म्हणलं की गाणं, न्हाई म्हणलं की गाण्याबिगर फुडं."

"आवो पर पेटीवाला आता लेकीकडं आमच्या गावातच ऱ्हातोय. पयल्यापास्नं बसलेला आसतो म्होरं!"

"आसंल. पर तुमच्या आधीचा राजा न्हाई म्हणायचा, तुमी न्हाई म्हणता."

मला असलं आवडत न्हाई. त्या जत्रंला प्रधानानं विचारलं, "महाराज, मांजर आलं का?" आन् मी ठणकावून म्हणलं, "आलं!" पेटीवाला म्हातारा आधी दचकला. मग त्याचे घारे डोळे असे चमकले म्हणता! भाता उघडला आन् त्यानं एक गाणं सुरू केलं, जे आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं. त्यानं एकट्यानं ते सगळं म्हणलं. प्रधान हात जोडून उभा, मी मान हलवतोय. लोकांनी गाणं पुन्हा मागितलं. मास्तर मला नंतर म्हणाले, "बघा महाराज. त्या खुंट्याला पेटीवाला बांधला हुता. कवाधरनं वाट बघत बसला आसंल बिचारा."

तो म्हातारा होता तोवर मांजर दर साली आलं.

खुंटा हा मास्तरांचा ठरलेला दाखला. "नाटकातली ओळ म्हंजे गोठ्यातला खुंटा. मदी आला, पायाला लागला, म्हणून उपटायचा न्हाई. आधी बघायचं, त्याला कोण बांधलंय."

आता जोड्याची गोष्ट. मी ह्यात चुकलो न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसऱ्या अंकात राणी महाराजांशी भांडून माहेरी निघून जाते. महाराज खवळतात. तलवार उपसून गरजतात, "त्या दरोडेखोराला माझ्यापुढं हजर करा!" अंगावर काटा यावा अशी जागा. आन् नेमकं तिथंच, तलवार हातात तशीच धरून, महाराजांनी खाली बघून म्हणायचं, "पर माझा जोडा कुठं हाय?" मग सिंहासनाखाली वाकून बघायचं. प्रधानाचा अंगरखा उचलून बघायचा. गुडघ्यावर रांगत सगळी फेरी मारायची. शेवटी शिपायानं म्हणायचं, "महाराज, जोडा पायातच हाय." मग महाराजांनी उठून मिशीला पीळ भरायचा, आन् दरोडेखोरानं यायचं.

लोक हसून लोळायचे. आन् मी वर्षभर भोगायचो. औत धरलेलं असलं तरी बांधावरनं जाणारा म्हणणार, "काय महाराज, सापडला का जोडा?" मी दिसायला चांगला होतो, आवाज खणखणीत होता, तलवार मला शोभायची. आन् लोकांच्या ध्यानात काय, तर रांगणं.

तरी चाललं होतं. पण ज्या साली आमच्या गावात विजेचे खांब आले, त्याच साली माझ्या लग्नाचं निघालं. पालीच्या पावण्यांची मुलगी. माणूस मोठा करडा. त्यांनी आमच्या दादांना, म्हंजे माझ्या वडिलांना, तोंडावर सांगितलं होतं, "पोरगं नाटकात नाचतंय म्हणं. सोंगाड्याला पोरगी द्यायची न्हाई आमाला." दादा म्हणाले, "सोंगाड्या? आवो आमचं पोरगं राजा हुतंय राजा! जत्रंला या, डोळ्यानं बघा." पावणे म्हणाले, बरं, येतो. पोरीला घिऊन येतो. मग ठरवू.

घरी आल्यावर दादांनी मला एवढंच सांगितलं, "त्यांच्यापुढं रांगलास तर परत मला दादा म्हणू नगंस."

मी दुसऱ्या दिवशी भोर गाठलं. मास्तर मशीनवर चड्डी शिवत होते.

"मास्तर, जोडा काडायचा."

"पाय सुजलाय का?"

"नाटकातला जोडा. त्यो कशाला हाय त्यात?"

"ठाव न्हाई."

"ठाव न्हाई तर ठेवता कशाला?"

"ठाव न्हाई म्हणूनच ठेवलाय, महाराज. ठाव आसतं तर कवाच उपाटला आसता."

असल्या माणसाशी काय बोलणार? पण मीही हट्टाला पेटलो. गावात आलो आन् म्हाताऱ्या माणसांना विचारत सुटलो. शेवटी ग्यासबत्तीवाला सापडला. हा माणूस बापापास्नं जत्रंच्या बत्त्या सांभाळायचा. तो म्हणाला, "जोडा? आरं त्यो माझ्यासाठी हाय! तिसऱ्या अंकापातुर बत्तीतली हवा सरती, उजेड पिवळा पडतो. समदी मानसं खाली बघाय लागली की म्या बत्ती उतरून पंप मारतो. परत वर चढवली की शिपाई म्हणतो, जोडा पायातच हाय."

मला एवढा आनंद झाला की मी त्याला घरी नेऊन जेवू घातलं. मास्तर पुढच्या खेपेला आले तसा मी त्याला त्यांच्यापुढं उभाच केला. "घ्या. हे तुमचं कारण. आता इजेचं दिवं. पंप न्हाई, तर जोडा न्हाई."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. छत्रीचं टोक जमिनीवर आपटत राहिले. मग म्हणाले, "एक म्हस सुटली, हे कबूल. पर खुंट्याला एकच बांधली हुती कशावरनं? दावं बघाय पायजे."

आन् त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. जोड्याच्या टायमाला तू काय करतोस? प्रधान म्हणाला, महाराज माझा अंगरखा उचलत्यात तेवढं बगतो. शिपाई म्हणाला, म्या माझं वाक्य मनात घोळवतो. पेटीवाला म्हणाला, पान लावतो. शेवटी गणपा.

"राणीसाहेब, जोड्याच्या टायमाला तुमी काय करता?"

गणपानं डोकं खाजवलं. खरंच विचार केला त्यानं, हे मी बघितलं. मग म्हणाला, "इडी वढतो."

"आनि?"

"आनि काय न्हाई. निवांत इडी वढतो."

मास्तरांनी छत्री काखेत मारली. मग म्हणाले, "इडीसाठी महाराजांनी रांगावं हे काय बरं न्हवं. उपटा खुंटा. पर उपाटलेला लगीच चुलीत घालू नगा. हाताशी ऱ्हाऊ द्या."

तालीम केली. राणी भांडून माहेरी गेली, मी गरजलो, "हजर करा!" आन् दरोडेखोर तिथल्या तिथं हजर. धोतराचा सोगा डोक्यावर घेतला की गणपा राणी, टॉवेल गुंडाळला की दरोडेखोर. कपडे भोरच्या भाड्यानं देणाऱ्याकडून यायचे, ते जत्रंच्या दिवशीच. तोवर आमचं सगळं राज्य धोतर-टॉवेलावरच. मास्तर पाठमोरे बसून ऐकत होते. कानाला कुठंच खडा लागला न्हाई. म्हणाले, "पळतंय की नाटक! लई दिवसांनी पळालं."

जत्रंदिवशी दुपारी गणपानं आखाड्यात दोन पैलवान पाडले, कानात तांबडी माती घेऊन तसाच आला आन् नऊवारी नेसायला बसला. दिवेलागण झाली. विजेचे दिवे लागले तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही अजून काहीच केलं नव्हतं, तरी. म्होरं घोंगडीवर पालीचे पावणे, पटका बांधून, मांडीवर हात ठेवून, साक्षीला बसल्यासारखे. शेजारी दादा. बायकांच्यात कोण कुठली ते मला कळत नव्हतं, तरी मी त्या बाजूला छाती काढून बोलत होतो.

दोन अंक असे रंगले की काय सांगावं. पावण्यांची मान दोन वेळा हलली. दादांनी मिशीवर हात फिरवला. तिसरा अंक आला. राणी पदर तोंडावर धरून म्हणाली, "म्या आता माहेरी चालले!" आन् आत गेली. मी तलवार उपसली आन् अशी गर्जना केली की देवळावरची कबुतरं उडाली. "त्या दरोडेखोराला माझ्यापुढं हजर करा!"

कुणी हजर झालं न्हाई.

मी पुन्हा गरजलो. पडद्यामागनं गणपाचा आवाज आला, आन् तो पार शेवटच्या घोंगडीपातुर ऐकू गेला, "थांब की लेका!"

शिपाई माझ्याकडं बघतोय. त्याच्या आयुष्यात ह्या जागी त्याला एकच वाक्य ठाऊक. वेळ लांबली तसा त्याचा जीव राहिना. कुणी काही विचारलेलं नसताना भाला आपटून तो मोठ्यानं म्हणाला, "महाराज, जोडा पायातच हाय!"

पहिलं हसू तिथं फुटलं. पावण्यांनी दादांकडं बघितलं. दादांनी आभाळाकडं बघितलं.

मी दात-ओठ खात प्रधानाला म्हणलं, "प्रधानजी, आना त्याला!" प्रधान सरळ माणूस. हुकूम म्हंजे हुकूम. त्यानं पडद्यामागं हात घातला आन् मनगट धरून दरोडेखोराला ओढून बाहेर काढलं.

डोक्याला काळं मुंडासं, अंगात काळा अंगरखा, कमरेला सुरा, खांद्यावर कुऱ्हाड, पिळदार मिशी. आन् नाकात नथ. आन् कोपरापातुर हिरवा चुडा.

नथ दाबाची होती, पण तिचे मोती मिशीत गुंतलेले. ते दर साली गुंतायचे. जोडा हुडकायचा सगळा वेळ गणपा आरशापुढं बसून एकेक केस सोडवायचा, मग बांगड्या उतरवायचा, आन् सगळं उरकलं की एक विडी ओढायचा. त्याच्या ध्यानात तेवढी विडीच राहिली होती.

आधीच्या सालांसारखा बत्तीचा पिवळा उजेड असता तर कदाचित खपूनही गेलं असतं. ह्या साली असा लखलखाट, की मोत्यामोत्यावर दिवा. लोकांना क्षणभर हसायचंही सुचलं न्हाई. मी उभा. तलवार वर. समोर माझी राणी, कुऱ्हाड घेऊन. पावणे पुढं वाकून बघतायत. आता हे उठणार, पटका झटकणार आन् पालीची वाट धरणार, हे मला दिसत होतं.

मला कुणी शिकवलेलं नव्हतं, मास्तरांनीही न्हाई. तोंडातनं आलं ते माझं होतं. मी दोन पावलं पुढं झालो आन् तलवारीचं टोक गणपाच्या नाकाकडं धरलं.

"चोरा! राणी माहेरी निघाली तर वाटंतच तिची नथ लुटलीस व्हय रं! आन् वर घालून मिरवतोस?"

गणपा दिसायला रेडा, पण डोकं तल्लख. तो हात जोडून म्हणाला, "चुकी झाली महाराज. मापाला बसती का बगत हुतो."

"आन् ह्यो चुडा?"

"त्यो निघंना."

जत्रा फुटली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. पेटीवाल्यानं पेटी सोडून दिली आन् डोळे पुसायला लागला. बायकांच्यात एक पोरगी एवढ्या मोठ्यानं हसली, की शेजारच्या बाईनं तिच्या तोंडावर हात धरला, तरी ती बोटांमधनं हसतच होती. ते मला वरनं लख्ख दिसलं. इजेचे दिवे होते म्हणून दिसलं, हेही सांगायला पाहिजे.

पडदा पडला. मास्तर आत छत्रीवर दोन्ही हात टेकून उभे होते. मला वाटलं, आता खेटरं. तर म्हणाले, "खुंटा उपाटला, म्हस सुटली. पर महाराज, तुमी म्हशीवर बसून घरी आलात." मग गणपाकडं वळून, "राणीसाहेब, इडी वढता व्हय?" गणपा नथ सोडवत म्हणाला, "आवो, तुमी इचारलंत काय करतोस. कंटाळवाणं काम कशाला सांगू?"

पावण्यांनी दादांना बाजूला घेतलं. मी खांबाआड उभा राहून ऐकलं. "तुमचं पोरगं राजा हाय का सोंगाड्या, ते काय आमाला उमगलं न्हाई. पर घर खचाय लागलं तर टेकू द्यायची अक्कल हाय त्याला. पोरगी दिली."

मास्तर लग्नाला आले. माझ्या सासऱ्यांना त्यांनी शेवटपातुर 'पालीचं संस्थान' म्हणलं, आन् करडा माणूस ते ऐकून खूश व्हायचा.

पुढच्या साली तालमीला मास्तर आले आन् बसले ते आमच्याकडं तोंड करून. म्हणाले, "कानानं दगा दिला. आता बघून बसवणार." आम्ही सुरुवात केली आन् एकाला एक ओळ येईना. कारण मास्तरांचे ओठ प्रत्येकाच्या वाक्याबरोबर हलायचे. राणीच्या वाक्याला ते लाजायचे, दरोडेखोराच्या वाक्याला डोळे वटारायचे, आन् माझ्या वाक्याला छाती काढायचे. तुटक्या गुंड्यांच्या सदऱ्यातला तो बारकुसा राजा बघून मला हसू आवरेना. प्रधान तर देवळाबाहेर जाऊन हसून आला. मास्तर उठले, मारुतीला नमस्कार केला, पुन्हा पाठ करून बसले. "कळलं. ह्या खुंट्याला तुमी समदी बांधलेली हाय." फक्त एक नवा कायदा त्यांनी केला. गणपानं तालमीला बायकोचं लुगडं नेसून यायचं. गणपाच्या बायकोनं लुगडं दिलं, पण अशी अट घालून, की धुवून त्यानंच द्यायचं.

जोडा मात्र परत आला न्हाई. नथ आता दरोडेखोराच्या नाकात राहायचीच म्हणल्यावर ती सोडवायची कशाला, आन् वेळ काढायचा कशाला? गणपा आत गेला, लुगडं फेडलं, अंगरखा चढवला, बाहेर आला. मी म्हणतो ते हेच. जोडा काढण्यात माझं काहीच चुकलं न्हाई. मास्तर म्हणायचे, "व्हय, तुमी बरूबर. फकस्त एक साल आधी बरूबर झालात."

मास्तर म्हातारपणी भोरातच असायचे. नवा आंबेमोहोर तांदूळ निघाला की मी पायलीभर घेऊन जायचो. शेवटी गेलो तवा मशीन बंद होतं, नजर गेली होती. तरी पायरीवर माझं पाऊल वाजलं तसं म्हणाले, "महाराज, पाठ वाकली तुमची. पायात आवाज येतोय." निघताना त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "आता तुमी बसवा." ती अजून माझ्याकडं हाय. दर साली तिनंच सिंहासन आखतो. उघडून मी बघितलेली न्हाई. आत काय बांधलंय कुणाला ठाव.

गेल्या जत्रंच्या आधी गावातली पोरं घरी आली. शिकलेली, पुण्यात नोकरीला असलेली पोरं. आता राणीला वेगळं माणूस, दरोडेखोराला वेगळं माणूस. कपडे स्वतःचे. म्हणाली, "आजोबा, त्या दरोडेखोराला नथ कशाला? कायच अर्थ न्हाई लागत. बाहेरची लोकं इचारत्यात. ती नथ आन् ती दोन-चार वाक्यं काडून टाकू का?"

मी ओसरीवर बसलो होतो. छत्री शेजारी होती. मास्तरांचं वाक्य जिभंवर आलं होतं, पण मी ते गिळलं. म्हणलं, "माझी काय हरकत न्हाई. फकस्त आत जाऊन आजीला इचारून या. त्या खुंट्याला ती बांधलीय."

पोरं आत गेली. मी कान लावून बसलो, पाठ तिकडं करून. तीच गोष्ट ती कशी सांगते ते मला ऐकायचं होतं. महाराज कसे उभे होते, तलवार कशी धरली होती, बोलले कसे.

आतनं तिचा आवाज आला, "नथ काडायची न्हाई म्हंजे न्हाई. आरं, त्या नथीवरच भुलले म्या. कुऱ्हाड घिऊन, नथ घालून, कसला गोड दिसत हुता त्यो दरोडेखोर! मला वाटलं, त्योच पोरगा दाखवायला आणलाय. लगीन ठरल्यावर कळलं, की आपल्याला राजा दिलाय."

पोरं खिदळत बाहेर आली, हातात चहा घेऊन. एकजण म्हणाला, "आजोबा, नथ ऱ्हाऊ द्या."

मी म्हणलं, "ऱ्हाऊ द्या तर ऱ्हाऊ द्या." आन् पाठ ताठ करून बसलो.